खापरवलीच्या भट्टीचा डोळा

भट्टीच्या पोटाला हे विटेएवढं भोक दिसतंय ना, मातीनं लिंपून बंद केलेलं, त्याला आम्ही डोळा म्हणतो. हात लावू नका, चटका बसेल. दुसऱ्या गावचे कुंभार भट्टी पुरती निवल्याशिवाय उघडत नाहीत. उघडली तर मडकी तडकतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आमच्या खापरवलीत मात्र भट्टी लाल असतानाच डोळा फोडतात, आणि तोही माणसाचं नाव घेऊन. का, ते सांगते. मध्ये बोलू नका, मग माझं पुढचं मागं होतं.

फार जुनी गोष्ट. तेव्हा या खाडीत यवनांची, म्हणजे ग्रीकांची, गलबतं येत, असं सांगतात. त्यांतला एक तांडेल होता, तेवन नावाचा. वाटेत त्याचा जिवलग सोबती वारला. त्याची राख एका चित्रं काढलेल्या घटात भरून तेवन त्या सोबत्याच्या घरी, त्याच्या म्हाताऱ्या आईकडे नेणार होता. पण राख गलबतावर असली की वारा फिरतो, असं खलाशी कुरकुरू लागले. त्याला तर अजून दक्षिणेला मिरी भरायला जायचं होतं. तेव्हा त्यानं तो घट इथल्या सामली कुंभारणीच्या स्वाधीन केला, आणि वाट दाखवायला तिचा नवरा पालित याला बरोबर घेतलं. जाताना म्हणाला, "माझा माणूस तू जप, तुझा मी जपतो."

तो घट तेवनाच्या घराण्यातला, पिढ्यान्पिढ्यांचा. तांबड्या अंगावर काळं चित्र. दोन वीर, खांद्याला भाले, समोरासमोर बसून फासे टाकताहेत. सामलीला ते पाहून द्यूतच आठवलं. द्यूतानं राज्यं बुडाली, बायका-पोरं वनवासाला लागली. असलं चित्र का कोणी घरात ठेवतं? चार दिवस तिनं कळ काढली. पाचव्या दिवशी चित्र भिंतीकडे फिरवायला गेली, आणि घट हातातून निसटला. भीतीपोटीच हात लावला होता हो तिनं.

राख तिनं कणन् कण टिपून घेतली आणि नव्या मडक्यात झाकून ठेवली. पण मनानं घेतलं ते घेतलंच. त्याचा माणूस आपण सांडला, आता आपल्या माणसाचं काय? तिला म्हणे अन्न गोड लागेना. खापऱ्या पुढ्यात मांडून तिनं तसाच घट घडवायला घेतला. गाळीव मातीच्या पातळ लेपानं दोघे वीर काढले. भाले मात्र, पालित लांब असताना, तिच्यानं काढवेनात. आणि रंग साधेना. भट्टीत हवा खेळती ठेवली तर सगळा घट तांबडा. ओला पाला कोंबून भट्टी लिंपून टाकली तर सगळा काळा, चित्र गडप. सहा घट वाया गेले. दक्षिणेची दुसरी गलबतं येऊन गेली, तेवनाचं काही येईना.

सातव्या घटाची भट्टी लिंपलेली होती, आत पाला धुमसत होता, तेवढ्यात खाडीच्या तोंडाशी तेवनाचं शीड दिसलं. भट्टी निवायला उद्याचा दिवस उजाडला असता, आणि घट तर आत्ता हवा होता. सामलीला धीर धरवेना. तिनं पालितचं नाव घेतलं, काठीनं लिंपणाला भोक पाडलं आणि आत पाहिलं. घट काळा ठिक्कर.

ओहोटी होती. गलबत चिखलाच्या पलीकडेच थांबलं. तेवन एकटाच चिखल तुडवत येत होता, पाठीवर पालितला घेऊन. पालितची मान त्याच्या खांद्यावर पडलेली. सामलीला वाटलं, संपलं.

पण पालित जिवंत होता. दक्षिणेत त्याला ताप भरला, आणि तेवन मिरीचा हंगाम सोडून दीड महिना त्याच्या उशाशी बसून राहिला. म्हणून उशीर. हे कळलं तेव्हा सामलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं तेवनाला भट्टीपाशी आणलं, राखेचं मडकं त्याच्यापुढे ठेवलं, आणि सगळं सांगून टाकलं.

तेवनानं मडक्याचं झाकण काढून आत पाहिलं. मग म्हणाला, "मी माणूस ठेवला होता, घट नाही. माणूस तर सगळा आहे."

एवढ्यात डोळ्यातून वारा लागून आतला घट तांबडा झाला होता, आणि गाळीव लेपाचे दोघे वीर तेवढे काळेच राहिले होते. तेवनानं तिला सांगितलं, बाई, हे द्यूत नव्हे. आमच्या पुराणातले हे दोघे भाऊबंद, लढाईतून घटकाभर विसावलेत. पुढे यातला एक पडतो, आणि दुसरा त्याला पाठीवर घेऊन परत आणतो. तेव्हा सामली रडली म्हणे. इतके दिवस रडली नव्हती.

आजही आमच्या घटांवर ते दोघे बिनभाल्याचेच काढतात. आणि आजही डोळा फोडताना घरातलं जे कोणी लांब असेल त्याचं नाव घेतात. घरातलं कोणी लांब नसलं तर शेजाऱ्याच्या माणसाचं घेतात.

आज नाव माझ्या नातीचं आहे, मयूरीचं. मोठ्या जहाजावर असते, इंजिनाकडे. अकरा दिवस झाले, फोन नाही. जहाज कंपनीच्या ऑफिसातले म्हणतात, आजी, काळजी करू नका. म्हणायला त्यांचं काय जातं. सरा जरा मागं, धग येते अंगावर. मला डोळा फोडू द्या.