दोन बोटं कोरी जागा

ओढ्याकाठच्या एका गावात एक रंगारी राहायचा. आंब्याच्या साध्या फळीचं तो बघता बघता सागवान करायचा. आधी पिवळ्या रंगाचा हात द्यायचा, तो वाळला की वर पातळ तपकिरी रंग. तो ओला असतानाच त्यातून शिंगाची फणी ओढली की लाकडाच्या रेषा उमटायच्या. अंगठ्याला चिंधी गुंडाळून जरा फिरवला की गाठसुद्धा तयार. गरिबांच्या घरची दारं त्याने अशीच देखणी केली होती.

पण त्याचा एक नेम होता. रंगवलेल्या लाकडाच्या तळाशी तो दोन बोटं जागा कोरी सोडायचा. आतलं लाकूड बघणाऱ्याला कळावं, एवढ्याचसाठी. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं. कोरी पट्टी दिसली तर रंगकाम, नाही दिसली तर खरं सागवान.

पुढे गावाने ओढ्यावर साकव बांधायचं ठरवलं. गावच्या सामाईक रानातले साग तोडून पाटलाच्या हवाली केले. पाटलाने ते खुशाल स्वतःच्या माडीला वापरले आणि साकवाला पांगाऱ्याचं लाकूड लावलं. पांगारा पाण्यात किती टिकतो हे गुराख्यालाही कळतं. एवढा निर्लज्जपणा करून त्याने रंगाऱ्याला बोलावलं आणि सांगितलं, की याचं सागवान करून दे, फक्त ती तुझी पट्टी सोडू नकोस.

“गाव फसेल की, पाटील,” रंगारी म्हणाला.

“तुला खोटं बोलायला कोण सांगतंय? तू नुसता दोन बोटं रंग लाव. देवळाच्या दारांचं काम तुलाच देतो.”

देवळाचं काम म्हणताच रंगारी विरघळला. त्याने ती दोन बोटं जागा रंगवून टाकली.

रंगाऱ्याची थोरली बहीण गावची सुईण होती. पलीकडच्या वस्तीवरची बाळंतपणंही तीच करायची. साकव तयार झाला त्या दिवशी तिने वाकून खांबाचा तळ पाहिला आणि भावाला विचारलं, की पट्टी नाही, म्हणजे खरं सागवानच ना? रंगारी खाली मान घालून फणी पुसत राहिला. ती समाधानाने साकवावरून पलीकडे गेली.

पाटलाची चीड कुणालाही येईल. मला जास्त चीड येते ती फणी पुसणाऱ्या या माणसाची. एक शब्द, फक्त एक शब्द बोलायचा होता त्याला.

पावसाळ्यात पांगारा आतून कुजला, वरचा रंग मात्र झकास राहिला. एका सकाळी पलीकडे एक बाई अडली म्हणून सुईण धावत निघाली. साकवाच्या मधोमध तुळई मोडली आणि ती दगडांवर कोसळली. तिचा उजवा हात कोपरात मोडला, तो पुन्हा कधी सरळ झाला नाही. ज्या हाताने अर्धं गाव जन्माला आणलं, तोच हात. पलीकडची बाई दिवसभर एकटी कळा सोसत राहिली. नशिबाने ती आणि तिचं बाळ वाचलं.

मोडलेल्या तुळईच्या आत पांगारा दिसला आणि गाव खवळलं. लोकांनी पाटलाच्या माडीचं सागवान उपसून काढलं आणि त्याचा नवा साकव बांधला. पाटलाकडे कुणी ढुंकूनही बघेना.

रंगारी बहिणीकडे गेला आणि रडत सांगू लागला, की अक्का, पाटलानं लबाडी केली, पाटलानंच मला भरीला घातलं.

बहिणीने मोडका हात मांडीवर घेतला. “पाटील कसा आहे ते मला माहीत होतं,” ती म्हणाली. “त्याच्या भरवशावर मी साकवावर पाय ठेवलाच नव्हता. तुझ्या भरवशावर ठेवला होता.”

रंगारी आजही प्रत्येक लाकडाला कोरी पट्टी सोडतो. पण त्या पट्टीकडे आता कुणी बघत नाही. त्याने रंगवलेलं लाकूड लोक त्याच्यासमोरच आधी नखाने खरवडून पाहतात.

तात्पर्य: ज्याच्या भरवशावर लोक डोळे मिटून पाऊल टाकतात, त्याने गप्प राहणं हेही खोटं बोलणंच आहे.