माळ्याची मेलेली रोपं

फार पूर्वी एका गावाबाहेर एक माळी आणि त्याची बायको रोपवाटिका चालवत. माळ्याच्या हाताला गुण होता. डोकं मात्र अधूनमधून दगा द्यायचं.

एके वर्षी राज्यात मोठी साथ आली. वर्षभर बाजार भरला नाही. त्यातच माळ्याच्या विहिरीचा रहाट मोडला. खांद्यावर कावड वाहून वाहून दोघं थकली, तरी आंब्याची चाळीस कलमं वाळून गेली. माळीण त्यांच्यापाशी बसून रडली.

साथ ओसरल्यावर राजाने दवंडी पिटवली, "साथीत ज्यांची रोपं वाळली, त्यांना दर रोपामागे एक रुपया मिळेल हो! महिन्याभरात कारकून येऊन पाहणी करेल!"

"चाळीस रुपये! म्हणजे नवा रहाट बसेल," माळीण हरखून म्हणाली.

"चाळीसच का?" माळी म्हणाला. "तीनशे कुंड्या रिकाम्या पडल्यात. त्यांत काठ्या खोचू. कारकुनाला काय कळतंय? रहाट येईल आणि घरावर माडीही चढेल."

"अहो, नको. आपलं खरंच जेवढं गेलंय, तेवढंच सांगू या."

"तू गप्प बस गं."

माळ्याने कुंपणावरच्या शेवग्याच्या तीनशे काठ्या तोडल्या. शेवग्याची काठी कुठेही खोचली तरी धरते, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण माळ्याच्या डोक्यात रुपये खुळखुळत होते आणि हात सवयीने चालले होते. खालून तिरका काप, वरच्या टोकाला शेणाचा गोळा, आणि रोज संध्याकाळी पाणी!

"मेलेल्या काठ्यांना पाणी कशाला घालताय?" माळिणीने विचारलं.

"कुंडी दिसली की हात राहत नाही गं!"

पंधरा दिवसांत काठ्यांना कोंब आले. माळी घाबरला आणि कोंब खुडत सुटला. एक खुडावा तर शेजारी दोन फुटायचे. शेवटी एके सकाळी तो खुडायला बसलेला असतानाच कारकून दारात उभा राहिला.

"काय हो माळीबुवा, वाळलेली रोपं कुठायत? हे तर शेवग्याचं बन दिसतंय!"

माळिणीने नवऱ्याला कोपराने ढोसलं. खरं सांगून माफी मागायला अजूनही वेळ होती. पण माळ्याने हात जोडले, "सरकार, कालपर्यंत सगळी मेलेली होती. महाराजांच्या पुण्याईने पालवी फुटली!"

"वा, वा! आणि ही आंब्याची कलमं?"

"ती मात्र खरंच मेली हो!"

"छे! तीनशे मेलेली उठली, मग चाळीस कशी मागे राहतील?" म्हातारा कारकून गालात हसला. "की महाराजांच्या पुण्याईवर तुमचा विश्वास नाही?"

कारकुनाने वहीत 'नुकसान काही नाही' असं लिहिलं आणि तो पुढच्या गावाला गेला.

रहाट मोडका तो मोडकाच राहिला. गावात प्रत्येकाच्या कुंपणाला शेवगा, त्यामुळे माळ्याची रोपं कुणी फुकटही नेईना. पुढे वर्षभर त्याच्या घरी सकाळी शेवग्याच्या पाल्याची आमटी आणि संध्याकाळी शेवग्याच्या पाल्याची भाजी. माळ्याने तोंड वाकडं केलं की माळीण आणखी एक डाव वाढायची आणि म्हणायची, "घ्या हो, महाराजांची पुण्याई आहे."

तात्पर्य: खऱ्या नुकसानीला खोट्याची जोड दिली, की खरं सांगूनही कुणाला पटत नाही.