उसनी साक्ष

एका राज्यात खोटं बोलणारे थोडे होते आणि छातीठोक बोलणारे फार. राजाचं नाव विक्रांतपाळ. त्याच्या दरबारात सिंहासनासमोर एक काळी शिळा होती. आरोपीला तिच्यावर उभं करायचं आणि साक्षीदारानं तीन पौर्णिमांना तीनदा साक्ष द्यायची. पहिल्या साक्षीला आरोपी गुडघ्यापर्यंत दगड व्हायचा, दुसरीला छातीपर्यंत, तिसरीला डोक्यापर्यंत. मग त्याला वेशीबाहेर नेऊन ठेवत. तिथे असे पुष्कळ उभे होते आणि गुरं त्यांना अंग घासत. ते सगळे गुन्हेगारच, याबद्दल कुणाला शंका नव्हती, कारण त्या दरबारात साक्षीदार कधी अडखळला नव्हता. अडखळणार कसा? साक्ष फिरवील त्यानं स्वतः शिळेवर चढायचं, असा कायदा होता.

त्या राज्यात हिराऊ नावाची एक फुलारीण होती. ती रोज संध्याकाळी राजवाड्याच्या देवघरात हार पोचवी. एकदा दिवेलागणीच्या आधी ती खजिन्याच्या बोळातून चालली असता समोरून एक माणूस आला, तिला ढकलून निघून गेला. त्याच्या हातात राजघराण्याचा रत्नजडित आरसा होता, तोही उघडा. आरसा शापित, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कापडात गुंडाळलेला. शाप कसला ते सगळे विसरले होते. झाकून ठेवायचा, एवढंच लक्षात राहिलं होतं.

कोतवाल आला. त्यानं विचारलं, "माणूस ओळखीचा वाटला?"

"पाहिल्यासारखा वाटला," हिराऊ म्हणाली.

"पागोटं लाल होतं की हिरवं?"

हिराऊनं पागोट्याचा विचारच केला नव्हता. पण कोतवाल उत्तराची वाट बघत होता, आणि मोठ्या माणसाला ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही. ती म्हणाली, "लाल."

कोतवालानं गावातले लाल पागोट्याचे सगळे पुरुष तिच्यासमोरून चालवले. सुभाना नावाडी आला, तशी तिच्या छातीत धस्स झालं. हाच तो चेहरा. "हा," ती म्हणाली. सुभाना म्हणाला, "बाई, मी नव्हतो." असं तर सगळेच म्हणतात.

पहिली साक्ष झाली. सुभाना गुडघ्यापर्यंत दगड झाला. राजानं हिराऊला विडा दिला, शेला दिला. पाणवठ्यावर बायका तिला आधी घागर भरू देऊ लागल्या. दरबारच्या भाटानं तिच्या साक्षीवर कवन रचलं आणि चौकाचौकात म्हटलं. कवन झकास होतं. त्यात चोराच्या हाती धगधगती मशाल होती आणि डोळ्यांत अंगार होता. पोरं ते खेळताना म्हणत, बाया दळताना म्हणत, हिराऊही हार गुंफताना म्हणे. दुसऱ्या पौर्णिमेला तिनं साक्षीत मशालही सांगितली, आणि पहिल्यापेक्षा ठणकावून सांगितली. सुभाना छातीपर्यंत दगड झाला. दरबारी माना डोलावत होते. त्यांच्यातच हल्ली एक नवा पाहुणा बसे. राणीला वाटे तो कोतवालाचा माणूस, आणि कोतवालाला वाटे तो राणीच्या माहेरचा. त्यामुळे त्याला कुणी काही विचारत नसे.

एके दिवशी हिराऊ शेवंतीचा हार करत होती. गुडघा दुखला म्हणून तिनं चोळला. त्या संध्याकाळी बोळातल्या खांबावर आपटला होता, अंधारात खांब दिसला नव्हता. ओठावर कवन होतं, आणि ते नेमकं मशालीपाशी आलं होतं.

मशाल असती, तर खांब दिसला असता.

हिराऊच्या हातातली सुई तशीच राहिली. दरबारानं तिच्या शब्दावर एका माणसाला दगड केलं होतं आणि त्या शब्दात एक मशाल फुकटची निघाली. आणखी काय काय निघेल, कोण जाणे. तिसरी पौर्णिमा जवळ आली होती.

राज्याच्या उत्तरेला एक टेकडी होती, तिथे मौनी मांत्रिक राहायचा. तो आठवणी धुऊन द्यायचा. स्वतः बोलत नसे, त्याच्या वतीनं एक टिटवी बोले. हिराऊनं सगळं सांगितलं. मांत्रिकानं तिच्या कपाळाला बोट लावलं आणि नुसती मान हलवली.

टिटवी म्हणाली, "या आठवणीला पाणी लागणार नाही. हिच्यात तीन गोष्टी उसन्या आहेत. ज्याच्या त्याला परत करून ये."

"कुणाच्या त्या?"

"ज्याची वस्तू, तो 'माझी' म्हणेल. म्हटल्याशिवाय ती सुटायची नाही."

"आणि मग मागे काय राहील?"

"जे तुझं आहे ते," टिटवी म्हणाली. "थोडंच असेल. सगळ्यांचं थोडंच असतं."

मांत्रिकानं एका मान हलवण्यात एवढं सगळं सांगितलं, की टिटवीनं काही पदरचं घातलं, हे कळायला मार्ग नाही.

हिराऊ आधी भाटाकडे गेली. "भाटबुवा, चोराच्या हातातली मशाल कुणाची?"

भाट खुशीत आला. "माझी. दुसऱ्या कुणाला सुचणार? ओळ लंगडी पडत होती, तिथे मशाल टाकली आणि बसली." एवढं म्हणाला आणि हिराऊच्या कपाळातून पेटती मशाल निघून त्याच्या ओसरीवर पडली. भाटाला ती विझवायला दोन घागरी ओताव्या लागल्या.

मग ती कोतवालाकडे गेली. "कोतवालसाहेब, लाल पागोटं मी म्हणाले होते, का आपण?"

"तू म्हणालीस."

"लाल का हिरवं, असं आपण विचारलंत. डोक्याला काही होतं का, ते विचारलं नाहीत."

"मग तपासात प्रश्न विचारू नयेत? ओव्या म्हणाव्यात? ते पागोटं माझं नाही."

तो नाही म्हणाला तसा हिराऊच्या टोपलीतून लाल कापड निघालं आणि त्याच्या गळ्याभोवती एक वेढा बसला. तो पुन्हा नाही म्हणाला, दुसरा वेढा बसला. तिसऱ्या वेळी त्याचे डोळे बाहेर यायला लागले, तेव्हा घोगऱ्या आवाजात तो म्हणाला, "माझं." कापड सैल झालं. हिराऊ निघाली, तर त्यानं मागून ऐकवलं, "साक्ष फिरवशील तर शिळेवर चढशील. हात दाखवून अवलक्षण करू नकोस."

उरला चेहरा. त्यासाठी लांब जायचं नव्हतं. ती दरबाराच्या अंगणात आली. छातीपर्यंत दगड झालेला सुभाना उन्हात उभा होता. त्याच्या दगडी कमरेपाशी कुणीतरी पाण्याचं भांडं ठेवलं होतं, पण हात दगडाचे, पिणार कसा? हिराऊनं ते त्याच्या ओठांना लावलं.

"सुभानादादा," ती म्हणाली, "मी तुला त्याआधी कुठे पाहिलं होतं?"

सुभानानं तिच्याकडे पाहिलं. "त्याच दुपारी, बाई. झेंडूची पाटी घेऊन तू माझ्या नावेत होतीस. उतरताना फळी निसरडी होती, मी हात दिला. म्हटलं, सांभाळून, बाई."

"हे दरबारात का नाही सांगितलंस?"

"मला कुणी विचारलंच नाही. चोरी केली का, एवढंच विचारलं."

हिराऊला आठवलं. त्या दिवशी बाजारात लोक तिच्या फुलांशी बोलले, फुलांच्या भावाशी बोलले. तिच्या तोंडाकडे बघून बोलला तो हा एकटाच. संध्याकाळी भीतीनं गळाठलेल्या मनानं हाताशी असलेला एकुलता एक चेहरा उचलला आणि चोराला लावला. हिराऊ तिथेच खाली बसली आणि रडली. मग डोळे पुसून तिनं विचारलं, "हा चेहरा कुणाचा?"

"माझा," सुभाना म्हणाला.

चिखलातून पाय उपसताना होतो तसा आवाज झाला आणि तिच्या आठवणीतून चेहरा निघून गेला. मागे राहिला काळोख, गुडघ्याची कळ आणि आरशाची चमक. सगळा वेळ ती त्या चमकीकडेच बघत होती. चमकीच्या वर, माणसाच्या तोंडाच्या जागी, काही नव्हतं. टेकडी पुन्हा चढायची गरज उरली नाही. धुवायला काही शिल्लकच नव्हतं.

तिसरी पौर्णिमा आली. दरबार भरला, सुभानाला उचलून शिळेवर ठेवलं. राजा म्हणाला, "हिराऊ, काय पाहिलंस ते सांग."

"महाराज, आरसा पाहिला. माणूस कोण होता, ते मला माहीत नाही. मी त्याचं तोंड पाहिलेलं नाही."

दरबारात हे वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. भाटाला त्याची चाल सुचेना. राजा म्हणाला, "कायदा तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे," हिराऊ म्हणाली. ती शिळेवर चढली आणि सुभानाच्या शेजारी उभी राहिली.

शिळेनं वाट पाहिली. मग हिराऊच्या पायांना ऊब लागली आणि सुभानाच्या छातीवरचा दगड वाळूसारखा ओघळू लागला.

इकडे पाहुण्याच्या शेजारचा सरदार किंचाळला. पाहुण्याच्या खांद्यांवर डोकं होतं, डोक्यावर केस होते, मधे काहीच नव्हतं. आरशाचा शाप हाच. तो ज्याच्यापाशी, त्याला स्वतःचा चेहरा राहत नाही. बघणारा आपल्या मनातला चेहरा त्याला लावतो आणि तोच खरा मानतो. 'तोंड पाहिलेलं नाही' असं भरल्या दरबारात कुणी म्हणेपर्यंतच त्या शापाची सत्ता होती.

शिपायांनी त्याच्या अंगरख्यातून आरसा काढला. चेहरा परत आला. तो कुणीच कधी पाहिलेला नव्हता. एक साधा, परगावचा माणूस. बरेच दिवस आपण कसे दिसतो ते न बघितलेला. त्यानं क्षणभर आरसा मागितला. कुणी दिला नाही.

तेवढ्यात वेशीवरचा पहारेकरी धावत आला. "महाराज, बाहेरचे दगड हलायला लागलेत."

"सगळे?" राजानं विचारलं.

"सगळे नाहीत," पहारेकरी म्हणाला. "निम्म्याहून जास्त."

राजानं हुकूम दिला, की न्याय होईपर्यंत कवन म्हणू नये, कोतवालानं उत्तर आधी प्रश्नात घालू नये, आणि 'माहीत नाही' म्हणणाऱ्यालाही विडा मिळावा. दगडातून उठलेली माणसं आपापल्या घरी गेली. पुष्कळांना घरी ओळखणारं कुणी उरलं नव्हतं.

काही दिवसांनी हिराऊ झेंडूची पाटी घेऊन नदीवर आली. सुभानाची नाव काठाला होती, फळी तशीच निसरडी. तिला पुढे पाऊल टाकवेना. सुभानानं हात पुढे केला.

"ओळखलंस का, बाई?"

हिराऊनं पाटी खाली ठेवली. "थांब," ती म्हणाली, "आधी नीट बघू दे."

तो थांबला. याच चेहऱ्याची तिनं भरल्या दरबारात दोनदा शपथ वाहिली होती. त्याच्या हनुवटीवर एक जुना व्रण होता, तो तिला आज पहिल्यांदा दिसला.

ही कहाणी आम्ही ऐकली तशी सांगितली. कुठे मशाल जास्तीची वाटली, तर ती आमची समजावी आणि परत करावी.