बाहेरून लावायचा आरसा

नदीकाठच्या एका गावात एकदा एक म्हातारा वस्ताद होऊन गेला. मोटारी दुरुस्त करण्यात त्याचा सारा जन्म गेलेला. चिंचेखाली त्याची पत्र्याची शेड होती आणि दुपारी तिथे अशी शांतता नांदायची, की चिंचेचा पाला पत्र्यावर झडतानाही ऐकू यावा. वस्ताद पान्याचं एक टोक इंजिनाला टेकवायचा, दुसरं कानाशी धरायचा, डोळे मिटून घ्यायचा आणि मग हळूच सांगायचा, की हिला इथे दुखतंय.

त्याचा एक शिष्य होता, मल्लिनाथ. हात गुणी, पण जीव एकाच गोष्टीत अडकलेला. फार वर्षांपूर्वी जपानातून आलेली एक चिमुकली हॅचबॅक मोटार त्याला भंगारात सापडली होती. नाक आखूड, दिवे वाटोळे, मागे डिकीचं शेपूट नाही. झोपेतून नुकत्याच उठलेल्या लेकरासारखा तिचा चेहरा. तिला नुसती चालती करून त्याचं समाधान होणार नव्हतं. जे आता जपानातही शोधून सापडत नाहीत, असे अलंकार तिच्या अंगावर चढवायचे होते. लाकडी स्टिअरिंग, चकाकत्या जाळीचं तोंड, शर्यतीच्या गाड्यांची ती हलकी चाकं. एकेक वस्तू मिळायला वर्ष वर्ष लागे. मिळाली, की तो ती उशाशी घेऊन झोपायचा, आणि स्वप्नात त्याची गाडी धुक्याच्या रस्त्यानं चाकं न टेकवता निघून जायची.

या वेडात तो एकटा नव्हता. त्याची थोरली बहीण, अक्का, पहिल्या दिवसापासून बरोबर होती. आतल्या गाद्या तिनं शिवल्या. डॅशबोर्डच्या मागे जिथे त्याचा हात शिरत नसे, तिथे तिचा शिरे. जपानात जुन्या गाड्यांचे भाग जपून ठेवणारा एक म्हातारा दुकानदार तिनंच मोबाइलवर शोधून काढला होता. तिला त्याची भाषा येत नव्हती, त्याला हिची येत नव्हती. दोघं एकमेकांना स्क्रूची चित्रं काढून पाठवत आणि त्यांचं सगळं कळे.

मग एके वर्षी शहरात अशा हौशी लोकांचा मेळा भरला. मल्लिनाथच्या गाडीभोवती माणसं गोळा झाली. कुणीतरी विचारलं, ही घडवली कुणी? स्तुतीनं माणसाला भोवळ येते, तशी त्याला आली होती. तो बोलून गेला, "मी एकट्यानं." अक्का पाठीमागे पाण्याची बाटली घेऊन उभी होती. तिनं बाटली बॉनेटवर ठेवली आणि एसटीनं घरी गेली. त्यानंतर ती शेडवर आली नाही. बाजारापाठीमागे ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचं काम तिनं धरलं. दोन वर्षं बहीणभावांत बोलणं नव्हतं, आणि येईल आपणहून, असं मल्लिनाथ मनाला सांगत राहिला.

ती आली नाही. आला तो जपानचा एक खोका. त्यावर नाव अक्काचं, पत्ता शेडचा. आत कागदाच्या घड्यांत दोन गोल आरसे होते. त्या काळच्या जपानी गाड्यांना आरसे दारावर नसत. पार पुढे, पुढच्या चाकांवरच्या पत्र्यावर असत, गोगलगायीच्या शिंगांसारखे. त्या जपानी दुकानदाराकडे ते अक्कानं कधीच मागून ठेवले होते. गाडी तेवढ्यावाचूनच अपुरी राहिली होती, आणि यंदाचा मेळा आठ दिवसांवर आला होता.

मल्लिनाथनं पत्र्याला भोकं पाडली, आरसे बसवले आणि आत जाऊन बसला. मागचा रस्ता काही दिसेना. दिसत होती चिंच. हात लांबवला तर पोचेना. तो उतरला, आरसा जरा वळवला, परत बसला. आता जमीन दिसली. पुन्हा उतरला. सकाळभर हेच चाललं. एकदा रस्ता नेमका आरशात आला होता, पण नट आवळताना आरसा केसभर सरकला आणि आलेला रस्ता निघून गेला.

शेवटी त्यानं कोपऱ्यावरच्या चहावाल्याला बोलावलं. एकानं आतून सांगायचं, दुसऱ्यानं बाहेरून वळवायचं. घटकाभरात दोन्ही आरसे लागले. जेवून येऊन पाहतो, तर दोन्ही आरसे आभाळाकडे बघताहेत आणि त्यांत ढग पोहताहेत. त्याला वाटलं, मांजराचा उद्योग असेल. दुसऱ्या दिवशी एका ट्रक ड्रायव्हरला थांबवून त्यानं ते पुन्हा लावून घेतले. दुपारी पुन्हा आभाळच, आणि त्यातून जाणारा पोपटांचा थवा. तिसऱ्या दिवशी एका वाटसरूच्या हातून आरसे लावून झाल्यावर तो जेवायला गेलाच नाही, भिंतीआड बसून राहिला. थोड्या वेळानं वस्ताद उठला. त्यानं पाना घेतला, नट सैल केले आणि दोन्ही आरसे सावकाश वर वळवले, आजाऱ्याची मान उचलावी इतक्या हळुवार हातानं.

"वस्ताद, मेळा पाच दिवसांवर आलाय," मल्लिनाथ पुढे होऊन म्हणाला. "कसला राग काढताय माझ्यावर?"

वस्ताद पाना पुसत खाली टेकला.

"राग नाही, लेका. तुझा शब्द पाळतोय. त्या मैदानात तू म्हणालास, गाडी मी एकट्यानं घडवली. मी जवळच होतो. मग हे आरसेही एकट्यानंच लाव, दुसऱ्याचे हात कशाला हवेत? स्टिअरिंग एकट्याला बसवता येतं. चाकं एकट्याला चढवता येतात. हा आरसा मात्र ज्यानं शोधला, तो मोठा जाणता असला पाहिजे. आत बसलेल्याला रस्ता दिसावा म्हणून बाहेर कुणीतरी उन्हात उभं राहावं लागतं. आणि जो बाहेर उभा असतो ना, त्याला त्या आरशात रस्ता दिसतच नाही. तो तुझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवून आपला हात हलवत असतो. इतकी वर्षं बाहेर कोण उभं होतं, तेवढं आठव."

मल्लिनाथनं हात धुतले आणि बाजाराची वाट धरली.

अक्का एका प्रचंड हिरव्या ताडपत्रीच्या मधोमध बसली होती, तळ्यात बसावं तशी. तिनं मान वर केली नाही.

"एकट्यानंच आलास?" तिनं विचारलं.

"हो."

"सवयच आहे म्हणा तुला."

ते त्याला लागलं, आणि लागू दिलं त्यानं. ताडपत्रीच्या काठाशी बसून त्यानं सांगितलं, की मैदानात आपण खोटं बोललो. ते बोलताना जिभेला किती गोड लागलं होतं, तेही लपवलं नाही. आरशांचं मात्र काढलं नाही. आरशांसाठीच आला असं तिला वाटेल, ही धास्ती. अक्का बराच वेळ टाके घालत राहिली. मग दातानं दोरा तोडून म्हणाली, "खोका आला असेल."

त्यानं मान हलवली.

"गोलच आहेत ना? चौकोनी तर नाही पाठवले त्या बाबानं?"

"गोल आहेत, अक्का."

ही ताडपत्री उद्या सकाळी द्यायची आहे, आज काही जमणार नाही, असं ती म्हणाली. मल्लिनाथनं ताडपत्रीचं दुसरं टोक उचलून ताणून धरलं. ऊन कलेपर्यंत तो ते धरून होता आणि ती शिवत होती.

दुसऱ्या दिवशी ताडपत्री पोचती करून ती शेडवर आली. गाडीभोवती एक फेरी मारली, गादीची एक उसवलेली शिवण बोटानं चाचपली, आणि उजव्या आरशापाशी जाऊन उभी राहिली. मल्लिनाथ आत बसला.

"जरा डावीकडे."

"तुझ्या डावीकडे की माझ्या?"

"तुझ्या."

आरशात आधी ढग आला, मग चिंच, मग शेडचा पत्रा, मग अक्काच्या बांगड्या. आणि मग रस्ता आला, पार नदीच्या वळणापर्यंत, उन्हात तरंगत असल्यासारखा. रोजचाच रस्ता, पण पहिल्यांदा पाहावा तसा तो पाहत राहिला. अक्कानं नट आवळला. आरसा केसभरही हलला नाही.

ती दुसऱ्या आरशाकडे वळली, तसा मल्लिनाथ खाली उतरला आणि दार उघडून उभा राहिला.

"तू बस."

"मी बसून कुठं जायचंय?"

"मेळ्याला. गाडी तू चालव."

अक्कानं त्याच्याकडे पाहिलं. तिची उंची त्याच्याहून वीतभर कमी होती. "मग हा लावलेला आरसा फुकट गेला की," ती म्हणाली.

"परत लावू."

ती आत बसली. तो बाहेर उन्हात उभा राहिला आणि त्यानं आरशावर हात ठेवला. त्यात त्याला आपली हनुवटी दिसत होती, तिच्यामागे रिकामं आभाळ. रस्ता कुठेच नव्हता. आतून अक्का सांगत होती, थोडा खाली, अजून थोडा, थांब, जास्त झाला. ती सांगेल तसा तो हात हलवत राहिला. चिंचेखाली वस्ताद डोळे मिटून बसला होता.

"दिसला," अक्का म्हणाली.

मल्लिनाथनं श्वास रोखून नट आवळला.