येसायची झोप

फार वर्षांपूर्वी, धामणजुव्याला खाडीवाचून दुसरी वाट नव्हती त्या काळी, तिथे येसाय नावाची एक तारीण, माणसांना होडीने पार नेणारी बाई, होऊन गेली. जुवे म्हणजे खाडीतले बेट. धामणजुव्यावर मीठ यायचे, वैद्य यायचा, नवरी सासरी जायची, ते सारे होडीतून; आणि होडी येसायची. बेटावरचे पुरुष गलबतांवर खलाशी म्हणून दूर गेलेले. खाडीच्या मध्यावर कासव नावाचा खडक आहे. तिथे नदीचे पाणी आणि समुद्राचे पाणी एकमेकांत शिरते, आणि तिथून होडी सुखरूप काढण्याची जाण येसायखेरीज कोणाला उरली नव्हती. भरती असो वा ओहोटी, काठावरून हाक यायची, "येसाय गो", आणि ती उठायची. लग्न होऊन जुव्यावर आल्यापासून तिने सलग झोप घेतलीच नाही, असे म्हणतात. बसल्या जागी तिचा डोळा लागे आणि हात वल्ही मारीतच राहत.

पुढे तिच्या दंडांतले बळ ओसरू लागले. बेटाला धास्ती पडली आणि घरोघरची तरणी मुले-मुली तिच्याकडे शिकायला आली. ती त्यांना आधी काठाला बांधलेल्या होडीत बसवी. वल्हे पाण्यात नुसते धरायचे, ओढायचे नाही. पाण्याला कुठे जायचे आहे ते हाताला कळेपर्यंत तसेच बसायचे. मुले कंटाळत. मग ती एकेकाला खाडीत नेई, होडीच्या तळाशी घोंगडी अंथरी आणि म्हणे, "माका दुसरा काय नको. पैलतीर येईपर्यंत निजाचा आसा. जो माका निजवीत नेईल, वल्ही तेची."

कासवापर्यंत ती गाढ झोपे. कासवापाशी तिचे डोळे उघडत. एकालाही तिला झोपेत पार नेता आले नाही.

त्या मुलांत बाबल सर्वांत दांडगा होता. वल्ही मारताना तो असा तुटून पडे की सोबत शिकणारी गुणी नावाची मुलगी एकदा म्हणाली, "बाबल, पाण्यान तुझा काय खाल्ल्यान? कित्याक मारतंस तेका?" बाबलने मनाशी ठरवले की म्हातारी आवाजाने उठते. त्याने वल्ह्यांना चिंध्या गुंडाळल्या. होडी मांजराच्या पावलांनी निघाली, तरी कासवापाशी येसाय उठून बसली.

"आवाजान नाय रे जाग आली," ती म्हणाली. "होडी अवघडली, म्हणान आली." आणि तिने त्याच्या हातून वल्ही घेतली.

मग देवीच्या जत्रेचा दिवस आला. त्या सकाळी पहिल्याच फेरीला येसायच्या हातातून वल्हे निसटले. असे पूर्वी कधी घडले नव्हते. दिवसभर बाबलने होडी वल्हवली. कासव आला की येसाय बोटाने दिशा दाखवी. दिवस मावळायला आला तेव्हा शेवटच्या फेरीत होडी बायकामुलांनी भरली होती आणि ओहोटीला जोर चढला होता. येसाय घोंगडीवर आडवी झाली. "आता माझ्यान डोळे उघडे रवणत नाय," एवढेच म्हणाली.

कासव जवळ आला. बाबलने वल्हे ओढू पाहिले, पण त्याचे हात मेले होते. पाण्याशी भांडायला त्याच्यात काही उरलेच नव्हते. म्हणून त्याने वल्हे नुसते धरले, बांधलेल्या होडीत धरत असे तसे, आणि आयुष्यात पहिल्यांदा पाण्याची ओढ त्याच्या मनगटांना कळली. त्याने वल्हे जरासे कलते केले. होडीने आपणहून तोंड वळवले आणि खडकाला लागून, पण त्याला न शिवता, ती पुढे सरकली. येसाय जागी झाली नाही.

काठाला लागल्यावर कोणी तिला हाक मारली नाही. बायकांनी वाजू नयेत म्हणून बांगड्या कोपरापर्यंत चढवल्या आणि पोरे कडेवर घेऊन त्या गुडघाभर पाण्यात उतरल्या. बाबलने वल्ही उतरवून घेतली, पण दोर बांधण्याइतकेही त्राण त्याला नव्हते. तो वाळूत पडून राहिला. मग भरती आली. ती त्या दिवशी लाटेवाचून आली, असे म्हणतात. पाण्याने होडी अलगद उचलली आणि ओहोटी लागताच कासवापलीकडे, समुद्राकडे नेली. बाबल ते पाहत होता. त्याने हाक मारली नाही. हाक मारली असती तर ती उठली असती.

पैलतीरावर ही कथा येसायच्या मरणाने संपवतात. जुव्यावर तिचे मरण कोणी सांगत नाही. होडी खडकाला लागली नाही, याविषयी मात्र दोन्ही काठांचे एकमत आहे.

आता जुव्याला पूल झाला आहे. तरीही तिथली मुले-मुली आधी बांधलेल्या होडीत बसतात. शिकून झाल्यावर त्यांनी पार न्यायची असते ती येसायच्या नावाने ठेवलेली एक घडी घातलेली घोंगडी, आणि तिच्याशेजारी डोळे मिटून पडलेले गावातले कोणी थकलेले माणूस. कासवापाशी त्याचे डोळे उघडले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधलेली होडी. नाही उघडले, तर काठावर उभी असलेली माणसे टाळ्या वाजवीत नाहीत. बायका बांगड्या वर चढवतात, आणि कोणीतरी वल्ही घेणाऱ्याच्या कानाशी हळूच सांगते, "निजू दे तिका."