खांब आणि जोत्याचा दगड

फार वर्षांमागे एका डोंगराळ गावात भागीरथीकाकूंचं लाकडी घर होतं. घराचा सागवानी खांब जोत्याच्या दगडावर नुसता टेकलेला होता. एकदा भूकंपाचा हलका धक्का बसला, तेव्हा काकूंनी धाकोजी सुताराला बोलावलं.

"काकू, पुढचा धक्का मोठा आला तर खांब निसटेल. लोखंडी पट्टीनं दगडाला बांधून घेऊ," तो म्हणाला आणि हत्यारं आणायला गेला.

खांबाला राग आला. "साठ वर्षं घर पेललं मी. आता मला भोकं पाडणार?"

दगड हळूच म्हणाला, "त्या दिवशी तू बोटभर सरकलास. मला हात नाहीत रे, तुला धरता येईना. तेव्हापासून जिवाला घोर लागलाय."

धाकोजीनं गिरमिटानं भोकं पाडून पट्टी बसवली, तेव्हा खांबानं हूं की चूं केलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात भर दुपारी जमीन जोरात हलली. काकूंची नात पाळण्यात झोपली होती. कौलं घसरली, खांब सरकू लागला, पण पट्टीनं त्याला सोडलं नाही. काकू नातीला उराशी धरून अंगणात धावल्या. घर उभंच राहिलं.

धूळ बसल्यावर खांबानं विचारलं, "तुला लागलं का रे?"

"थोडं लागलं," दगड म्हणाला. "पण तू आहेस ना जागेवर!"