काळी नळी

"पुण्यात माझ्या खोलीत ही नळी चालते, मग वेंगुर्ल्यातच का जळली?"

आजगावकर बाई अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

आयुष्यभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून त्या गावी परतल्या होत्या. घरच्या घरी वीज पाडायचं वेड लागलेली पोरं अजून त्यांना शोधत यायची. समोर उभा ओजस नाबर त्यांतलाच. इंजिनिअर, आणि ते विसरू न देणारा.

आदल्या संध्याकाळी वाचनालयाच्या सभागृहात तो हवेत वीज उडवून दाखवणार होता. तार गुंडाळलेली नळी फुसफुसली, घाण वास आला, संपलं. पहिल्या रांगेतले बापू केरकर मोठ्याने म्हणाले, "लवंगी पण नाय रे ही!"

सगळं सभागृह हसलं होतं.

"वार्निशचे सात थर दिलेत, बाई. बाहेरून ठिणगी शिरणं शक्य नाही."

"बाहेरून..." बाई म्हणाल्या. मग नळी हातात घेतली. "काळी का घेतलीस?"

"भारी दिसते."

"हा काळा रंग कशाचा?"

ओजसने नळीवर नख घासून पाहिलं.

"काजळीचा असेल तर? काजळीतून वीज जाते, बाबा."

बाई आत गेल्या, उदबत्ती पेटवून आणली आणि नळीच्या खालच्या तोंडाशी धरली.

धूर वरून बाहेर आला. वरच्या कडेजवळून आणखी एक बारीक धार निघाली.

"हे भोक?"

"तारेचं टोक आत घेतलंय. बाहेर लोंबलेलं बरं दिसत नाही."

"धुराला वाट दिलीस... आणि विजेला म्हणतोस, येऊ नको?"

ओजसने नळीला डोळा लावला. आतल्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत जळकी रेघ होती, झाडाच्या मुळासारखी फुटलेली.



"इथली दमट हवा आतून बसली होती," तो हळूच म्हणाला. "मी बाहेरच रंगवत होतो."

बाईंनी त्याच्यापुढे आमसुलाचं सरबत ठेवलं.

पुढचे काही दिवस तो तिथेच राहिला. पांढरी, साधी प्लॅस्टिकची नळी आणली. ती सोलांशेजारी उन्हात पडली.

"वाळली का, बाई?"

"सोलांना विचार."

वाळल्यावर आतून बाहेरून वार्निश झालं. तार गुंडाळली, टोकं बाहेरच चिकटवली. भोक एकही नाही. दोन्ही तोंडांवर त्याच प्लॅस्टिकच्या चकत्या बसवल्या आणि सांधे एपॉक्सी गोंदाने भरून टाकले. बाईंनी पुन्हा उदबत्ती धरली. धूर चकतीला आपटून बाजूला पसरला.

रविवारी सभागृह पुन्हा भरलं. बाईंनी आधी दोरी बांधून सगळ्यांना मागे सारलं. "दोरीच्या आत कुणी बोटसुद्धा घालायचं नाही."

ओजसने लांबून बटण दाबलं.

कडाड्!

नळीच्या माथ्यावरून जांभळी वीज हातभर हवेत झेपावली. बापू केरकर खुर्चीसकट मागे सरकले. "आये गे!" त्यांच्या तोंडून निघालं, आणि मग टाळ्या पहिल्यांदा त्यांनीच वाजवल्या.

ओजसने वीज बंद केली, प्लग काढला आणि धावत येऊन बाईंच्या पाया पडला. त्याचे डोळे चमकत होते.

"बाई, आता मला सगळं कळलं!"

बाईंचा चेहरा पडला.

"अरेरे... आत्ता कुठे कळायला लागलं होतं."